पास झाला, पण तयार आहे का?

एखादी मुलगी बारावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होते. महाविद्यालयात प्रवेशही मिळतो. वर्ग सुरू व्हायच्या आधी तिथे गणिताची एक छोटी चाचणी घेतात आणि तिला सांगतात, पदवीच्या गणिताला तुला इतक्यात बसता येणार नाही, आधी एक सत्र पायाभूत वर्ग कर. त्या वर्गाची फी पूर्ण, हजेरी पूर्ण, पण पदवीसाठी लागणारे क्रेडिट शून्य. अमेरिकेत कित्येक दशकं हे इतकं नेहमीचं होतं की त्याचं कुणाला फारसं आश्चर्य वाटेनासं झालं होतं.

शाळेने तिला फसवलं का? नाही. महाविद्यालय आडमुठेपणा करत होतं का? तसंही नाही. दोघांनी आपापल्या फुटपट्टीने तिला मोजलं, आणि त्या दोन फुटपट्ट्या शेजारी-शेजारी ठेवून बघायचे कष्ट कुणीच घेतले नव्हते.

शाळा काय शिकवायचं ठरवते, परीक्षेत काय विचारते आणि शाळा सुटल्यावर मुलाकडून प्रत्यक्षात काय मागितलं जातं, या तिन्हींचा मेळ कसा घालायचा, हा शिक्षणातला जुना आणि चिवट प्रश्न आहे. ऐकायला सोपा वाटतो. 'मुलांना आयुष्यासाठी तयार करा' याला विरोध कोण करणार? अडचण पुढे येते, कारण 'तयार' म्हणजे नेमकं कशाला, किती, आणि हे ठरवणार कोण, यावर तीन माणसं बसवली तर चार मतं निघतात. अमेरिकेने हा प्रयोग सगळ्यांसमोर, मोठ्या प्रमाणावर आणि बऱ्याच धडपडीसह केला. म्हणून या लेखातली बहुतेक उदाहरणं तिथली आहेत.

आपणच पेपर काढायचा, आपणच पासिंग ठरवायचं

२००२ च्या जानेवारीत 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्यावर सही झाली. तिसरी ते आठवी दरवर्षी आणि त्यानंतर माध्यमिक शाळेत एकदा, वाचन आणि गणिताची राज्यस्तरीय परीक्षा सक्तीची झाली. २०१४ पर्यंत झाडून सगळी मुलं 'प्रवीण' व्हायला हवीत, असं लक्ष्य ठेवलं गेलं. शाळा मागे पडली तर कारवाई होणार होती.

मात्र 'प्रवीण' म्हणजे काय, हे ज्या-त्या राज्याने ठरवायचं होतं. मानकं, म्हणजे कुठल्या इयत्तेला काय यायला हवं याची यादी, राज्याची, परीक्षा राज्याची, उत्तीर्णतेची रेषाही राज्याचीच. आता निकाल वाईट लागला तर शिक्षा आणि रेषा आपल्या हातात, अशी व्यवस्था केल्यावर काय होणार ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही. काही राज्यांनी रेषा खाली सरकवली, काहींनी ती मुळातच खाली ठेवली होती.

हे उघडं कसं पडलं? अमेरिकेत 'नेशन्स रिपोर्ट कार्ड' या नावाने ओळखली जाणारी एक राष्ट्रीय चाचणी आहे. ती नमुना पद्धतीने घेतात, सगळ्या राज्यांत सारखीच असते आणि तिच्या निकालावर कुठल्याही मुलाचं काही अवलंबून नसतं, त्यामुळे तिच्याशी खेळ करायचं कुणाला कारण नसतं. केंद्रीय सांख्यिकी विभागाने प्रत्येक राज्याची 'प्रवीण' रेषा या राष्ट्रीय मापावर नेऊन ठेवली. चौथीच्या वाचनात कित्येक राज्यांचं 'प्रवीण' हे राष्ट्रीय मापावरच्या सगळ्यात खालच्या, 'प्राथमिक' पातळीच्याही खाली निघालं. म्हणजे एका राज्यात हुशार ठरलेलं मूल सीमा ओलांडून शेजारच्या राज्यात गेलं की कच्चं ठरायचं. (राष्ट्रीय चाचणीचं 'प्रवीण' बरंच कडक आहे, हेही सांगितलं पाहिजे. ते म्हणजे 'इयत्तेला साजेसं' नव्हे. वर्तमानपत्रांत या दोन्हींची सर्रास सरमिसळ होते.)

रेषा हलवली की काय होतं याचा सगळ्यात बोलका नमुना न्यूयॉर्क राज्यात दिसला. २०१२ मध्ये तिसरी ते आठवीची सुमारे ५५ टक्के मुलं इंग्रजीत आणि ६५ टक्के गणितात प्रवीण होती. २०१३ मध्ये नव्या, पुढच्या शिक्षणाशी जोडलेल्या मानकांवर परीक्षा झाली आणि दोन्ही आकडे ३१ टक्क्यांवर आले. एका वर्षात मुलं काही निम्मी ढ झाली नव्हती. पण पालकांच्या हातात निकालपत्र आलं तेव्हा त्यांना दिसलं ते इतकंच, की गेल्या वर्षी पास असलेलं आपलं मूल यंदा नापास आहे. त्या रागाचा या सगळ्या सुधारणेला पुढे फार मोठा फटका बसला. धोरण आखणाऱ्यांनी रेषा वर नेण्याआधी ती का नेतोय हे घरोघरी समजेल असं सांगितलं असतं तर काही वेगळं घडलं असतं का, कोण जाणे. पण सांगितलं नाही, हे खरं.

शेवटापासून मागे

मानकं लिहायची नेहमीची पद्धत पहिलीपासून वर चढत जाण्याची. पहिलीला इतकं, मग दुसरीला थोडं जास्त, असं करत बारावी येते, आणि मध्ये साचत गेलेलं सगळं तिथे येऊन पडतं. प्रत्येक विषयाच्या समितीला आपला विषय प्राणाहून प्रिय, त्यामुळे काढायचं काहीच नसतं, घालायचं मात्र असतं.

दुसरी पद्धत उलटी. पदवीच्या पहिल्या वर्षाला किंवा कामाच्या पहिल्या वर्षाला मुलाला प्रत्यक्ष काय करावं लागतं ते आधी बघायचं, आणि तिथून एकेक इयत्ता खाली उतरत यायचं. २००१ पासून 'अमेरिकन डिप्लोमा प्रोजेक्ट'ने हे काम हाती घेतलं होतं. २००९ मध्ये राज्यपालांच्या आणि राज्यांच्या शिक्षणप्रमुखांच्या संघटनांनी मिळून 'कॉमन कोअर' मानकं लिहायला घेतली, तेव्हा आधी शेवटचं टोक ठरवलं आणि मग इयत्तावार पायऱ्या आखल्या. जून २०१० मध्ये अंतिम मसुदा आला आणि चाळीसहून जास्त राज्यांनी तो स्वीकारला.

यातली एक पायरी जवळून बघण्यासारखी आहे. पदवीच्या वर्गात निबंध लिहायचा तर आपलं म्हणणं मांडून त्याला पुरावा द्यावा लागतो. हे टोक धरलं. बारावीला अपेक्षा अशी, की विद्यार्थ्याने आपला दावा आणि विरुद्ध बाजूचा दावा दोन्ही न्याय्यपणे मांडावे आणि दोन्हींच्या पुराव्यांची ताकद आणि मर्यादा दाखवावी. सातवीला विरुद्ध मत आहे याची दखल घेणं पुरेसं. तिसरीला आपलं मत लिहायचं आणि त्याला कारणं द्यायची. आणि बालवाडीला? चित्र काढून, तोंडी सांगून किंवा जमेल तसं लिहून 'मला हे पुस्तक आवडतं' इतकं म्हणायचं. बालवाडीतलं ते वाक्य आणि बारावीचा युक्तिवाद एकाच धाग्यावर आहेत, हे बालवाडीच्या बाईंना आणि बारावीच्या सरांना दोघांनाही दिसतं. कॉमन कोअरवर टीका करण्यासारखं पुष्कळ आहे, लहान वयात घाई केल्याची तक्रार तर मलाही रास्त वाटते. पण ही शिडी चांगली बांधली होती, याचं श्रेय द्यायला हवं.

मानक एक सांगतं, प्रश्न दुसरंच विचारतो

मानक कितीही चांगलं लिहा, वर्गात शिकवलं जातं ते परीक्षेत येणारं. शिक्षकांना त्याबद्दल नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्यांच्या शाळेचं मूल्यमापन निकालावर होत असेल तर ते शहाण्या माणसासारखं वागतात, एवढंच. म्हणून मेळ तुटतो तो बहुतेक वेळा इथेच, मानक आणि प्रश्न यांच्यामधल्या फटीत.

समजा मानक असं आहे: 'दोन स्रोतांतल्या माहितीची तुलना करून कोणता अधिक विश्वासार्ह ते कारणांसह सांगणे.' परीक्षेत प्रश्न येतो: 'पुढीलपैकी प्राथमिक स्रोत कोणता?' आणि खाली चार पर्याय. कुठला प्रश्न कुठल्या मानकावर आहे हे दाखवणाऱ्या संविधान तक्त्यात या प्रश्नापुढे त्या मानकाचा क्रमांक पडतो. कागदावर मेळ बसला. पण मानकाने तुलना, निवाडा आणि कारणं मागितली होती, प्रश्नाने व्याख्या मागितली. पुढच्या वर्षी शिक्षक व्याख्या घोकून घेतात.

याच मानकावर खरा प्रश्न कसा दिसेल? मुलासमोर दोन छोटे उतारे ठेवा. एक, पुलाच्या तपासणीची अभियंत्याने लिहिलेली टिपणी: तारीख, मोजमापं, खांबांवरच्या तड्यांची नोंद. दुसरं, त्याच पुलावरून वीस वर्षं रोज जाणाऱ्या माणसाचं संपादकाला पत्र: पूल मजबूत आहे, उगाच बंद ठेवलाय. आणि विचारा, 'या पुलावरून जड ट्रक जाऊ द्यावेत का, हे ठरवताना तुम्ही कोणावर जास्त विसंबाल आणि का? दुसऱ्या लेखातली कोणती एक गोष्ट तरीही उपयोगी आहे?' यात पाठांतराला जागाच नाही. असं काम पदवीच्या पहिल्या वर्षाला लागतं, कारखान्यातल्या सुपरवायझरला लागतं आणि घरभाड्याचा करार वाचणाऱ्यालाही लागतं.

मग असे प्रश्न का काढत नाहीत? कारण ते तपासायला माणूस लागतो. एका उत्तराला दोन तपासनीस, गुणदानाची कसोटी, त्या कसोटीचं प्रशिक्षण, दोघांत फरक पडला तर तिसरा. निकाल महिना-दोन महिने लांबतो आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. बहुपर्यायी उत्तरपत्रिका यंत्र तपासतं. बजेटची बैठक आली की पहिली कात्री कुठे लागते ते सांगायला नको. बोलण्याचं आणि गटात काम करण्याचं तर विचारूच नका. मानकांत बोलण्यासाठी स्वतंत्र विभाग असतो, राज्याच्या वार्षिक परीक्षेत त्याला जवळपास जागाच नसते.

ही फट मोजायची पद्धत आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातले शिक्षण-संशोधक नॉर्मन वेब यांनी १९९७ मध्ये ती मांडली आणि अमेरिकेतली राज्यं ती अजून वापरतात. विचारांच्या खोलीच्या त्यांनी चार पातळ्या केल्या. पहिली, आठवून सांगणं. दुसरी, शिकलेली रीत किंवा संकल्पना वापरणं. तिसरी, कारणं देऊन विचार करणं. चौथी, अनेक दिवस चालणारं, अनेक स्रोत लागणारं काम. मग परीक्षा आणि मानकं शेजारी ठेवून तपासायचं: एका मानकगटावर किमान सहा प्रश्न आहेत का, त्यांतले किमान निम्मे मानकाच्या पातळीचे किंवा त्याच्या वरचे आहेत का, गटातल्या किमान निम्म्या उद्दिष्टांना स्पर्श झाला आहे का, आणि सगळे प्रश्न एक-दोन उद्दिष्टांवरच गोळा झालेले नाहीत ना.

पद्धत उपयोगी आहे, पण तिच्यातलं 'निम्मे' मला खटकतं. अर्ध्या उद्दिष्टांना हातही न लावणारी परीक्षा या हिशेबात 'जुळलेली' ठरते. एखाद्या वर्षी ते ठीक आहे. पण दरवर्षी तीच अर्धी सुटत गेली तर जुने शिक्षक ते तीन वर्षांत ओळखतात, आणि मग तो भाग वर्गातूनही सुटतो. चौथी पातळी तर दोन-तीन तासांच्या पेपरात मावतच नाही, तिला प्रकल्प लागतो. म्हणजे शाळेनंतर जे काम सगळ्यात जास्त करावं लागतं, त्याची परीक्षा सगळ्यात कमी होते.

रेषा कोण मारतं?

उत्तीर्णतेची रेषा कशी ठरते हे बहुतेक पालकांना कुणी सांगत नाही, आणि ते समजलं की निकालाकडे बघायची नजर बदलते.

एक सर्रास वापरली जाणारी पद्धत परीक्षाशास्त्राचे अभ्यासक विल्यम अँगॉफ यांच्या नावाने ओळखली जाते. वीस-पंचवीस अनुभवी शिक्षकांना एकत्र बसवतात. त्यांना सांगतात, एक असा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा जो कसाबसा तयार आहे, अगदी काठावरचा. आता पेपरातला पहिला प्रश्न घ्या. अशा शंभर मुलांपैकी किती जण तो बरोबर सोडवतील? कुणी म्हणतं ७०, कुणी ५५. असं प्रत्येक प्रश्नाचं करायचं, सरासऱ्यांची बेरीज करायची, तीच रेषा. मध्ये खऱ्या निकालाचे आकडे दाखवून पुन्हा विचार करायला लावतात. शेवटचा शब्द राज्याच्या शिक्षण मंडळाचा असतो आणि त्यांना राजकारण कळतं.

यात अंदाजपंचे काही नाही, पण डोळ्यांसमोर येणारं मूल कुठलं? शिक्षकांना आपल्या वर्गातलं काठावरचं मूल दिसतं. पुढच्या संस्थेतल्या पहिल्या वर्षाचा वर्ग त्यांच्यातल्या अनेकांनी विद्यार्थी म्हणून शेवटचा पाहिलेला असतो. अशा समितीत पदवीला पहिल्या वर्षाला शिकवणारे प्राध्यापक आणि नव्या कामगारांना हाताखाली घेणारे लोक बसवले की रेषेचा अर्थ बदलतो.

दुसरी पद्धत अंदाज सोडून मागोवा घेण्याची. एसीटी ही प्रवेशपरीक्षा ३६ पैकी गुण देते. गणितात तिची 'तयारीची रेषा' बराच काळ २२ वर होती. तिचा अर्थ असा, की इतके गुण मिळवणाऱ्याला पदवीच्या पहिल्या वर्षाच्या बीजगणितात 'बी' किंवा वरची श्रेणी मिळण्याची शक्यता सुमारे ५० टक्के आणि 'सी' किंवा वरची मिळण्याची सुमारे ७५ टक्के. हे वाक्य नीट वाचा. अगदी रेषेवर असलेल्या निम्म्या मुलांना 'बी' मिळत नाही. आणि २१ वाला 'तयार नाही' असं छापलं, तरी त्याची शक्यता २२ वाल्यापेक्षा केसभरच कमी असते. शक्यतेचा हलका उतार असतो, त्यातून आपण 'तयार' आणि 'तयार नाही' अशा दोन खोल्या बनवतो आणि मधली भिंत खरी मानून मुलांना वाटून टाकतो.

त्या भिंतीची किंमत किती, हे कम्युनिटी कॉलेजांचा, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी महाविद्यालयांचा, अभ्यास करणाऱ्या कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधन केंद्राने २०१२ मध्ये दाखवलं. सुरुवातीला म्हटलं ती वर्ग सुरू होण्याआधीची छोटी चाचणी गणितात साधारण चारातल्या एका आणि इंग्रजीत तिघांतल्या एका विद्यार्थ्याला सपशेल चुकीच्या वर्गात बसवत होती. त्यातही वरच्या वर्गात सहज चाललं असतं अशांना खाली ढकलण्याची चूक जास्त होती. शाळेतल्या चार वर्षांच्या श्रेणी त्या चाचणीपेक्षा बरंच बरं भाकीत करत होत्या. शिकागोच्या सरकारी शाळांमधून बाहेर पडलेल्यांवरच्या २०२० च्या अभ्यासात तर पदवी पूर्ण होईल की नाही हे सांगण्यात शाळेच्या श्रेणी एसीटीच्या गुणांपेक्षा पाचपट प्रभावी निघाल्या.

हे पहिल्यांदा ऐकलं की विचित्र वाटतं. एका शाळेची 'ए' श्रेणी दुसऱ्या शाळेची 'बी' असते, शिक्षक सढळ असतात, मग श्रेणी जास्त खरी कशी? कारण श्रेणीत कित्येक शिक्षकांची मतं आणि शेकडो दिवस मुरलेले असतात. वेळेवर येणं, दिलेलं काम पूर्ण करणं, अडलं तर पुन्हा विचारणं, नावडत्या विषयातही टिकून राहणं, हे सगळं त्यात आपोआप मोजलं जातं. तीन तासांच्या पेपरात त्यातलं काही दिसत नाही, आणि शाळेनंतर मुलं बहुतेक वेळा गडबडतात ती याच गोष्टींत. म्हणून परीक्षा बंद करा असं माझं म्हणणं नाही. श्रेणी कुठे फुगल्या आहेत हे बाहेरच्या परीक्षेशिवाय कळायला मार्ग नाही. पण एकट्या परीक्षेच्या गुणावरून मुलाचा रस्ता ठरवणं हे आळशीपणाचं काम आहे.

कामाचं काय?

सरकारी कागदांत 'महाविद्यालय आणि करिअरसाठी तयार' असं एका दमात लिहितात. लिहिणारे बहुतेक महाविद्यालयातून आलेले असल्यामुळे करिअर हा शब्द शेपटासारखा मागे लटकतो.

२०१३ मध्ये 'नॅशनल सेंटर ऑन एज्युकेशन अँड द इकॉनॉमी' या संस्थेने एक साधंच काम केलं. सात राज्यांतली प्रत्येकी एक कम्युनिटी कॉलेज निवडून तिथल्या पहिल्या वर्षाची पुस्तकं, परीक्षा आणि विद्यार्थ्यांचं तपासलेलं काम गोळा केलं. नर्सिंग, ऑटोमोबाइल, अकाउंटिंग अशा अभ्यासक्रमांना कुठलं गणित लागतं ते त्यातून शोधलं. निघालं काय? बरंचसं गणित आठवीपर्यंतचंच. टक्केवारी, गुणोत्तर, प्रमाण, साधी समीकरणं, आलेख वाचणं. पण ते मुलांना पक्कं येत नव्हतं, कारण शाळेने ते घाईत उरकून पुढचं बीजगणित गाठलं होतं, ज्याची यांतल्या बहुतेकांना गरजच पडत नव्हती. वाचनाची पुस्तकं अकरावी-बारावीच्या पातळीची होती, तरी मुलांना ती जड जात होती. आणि प्राध्यापक लिहायला फारसं सांगतच नव्हते.

म्हणजे पुढच्या टोकाशी जुळवून घेणं म्हणजे नेहमी वरचं, अवघड काहीतरी घालणं, असं नाही. कधीकधी औषधाच्या मात्रेचं प्रमाण न चुकता काढता येईपर्यंत आठवीचंच गणित नव्या-नव्या प्रसंगांत वापरायला लावणं, हाच मेळ असतो. मात्र इथे एक सापळा आहे. 'हिला पुढे काय फक्त टक्केवारीच लागणार' असं पंधराव्या वर्षी कुणी ठरवलं की इंजिनिअरिंगचं दार तेव्हाच बंद होतं. आणि असं ठरवलं जातं ते सहसा गरिबाघरच्या मुलांबद्दल. बीजगणित सर्वांना सक्तीचं करणाऱ्यांचा हेतू हे दार उघडं ठेवण्याचाच होता, हे विसरून त्यांची टिंगल करणं योग्य नाही.

कामाच्या बाजूने सगळ्यात घट्ट बांधणी जर्मनीत दिसते. तिथे ३०० हून अधिक मान्यताप्राप्त व्यवसायांत प्रशिक्षण मिळतं, आठवड्यातले काही दिवस कंपनीत आणि उरलेले व्यवसाय शाळेत. काय शिकवायचं हे मालकांच्या आणि कामगारांच्या संघटना एकत्र बसून ठरवतात. शेवटची परीक्षा शाळा घेत नाही, व्यापार-उद्योग मंडळं घेतात, आणि परीक्षकांत मालक, कामगार आणि शिक्षक तिघेही असतात. जो नोकरी देणार तोच परीक्षेला बसलेल्या मुलाला प्रत्यक्ष काम करताना बघतो. त्या प्रमाणपत्राची पत त्यामुळे टिकते. पण बहुतेक जर्मन राज्यांत मुलांची वेगवेगळ्या शाळांत विभागणी चौथीनंतरच होते, ही त्याच व्यवस्थेची दुसरी बाजू. ती न सांगता जर्मनीचे गोडवे गाणाऱ्यांपासून जरा सावध राहावं.

पुढच्या दाराने शब्द दिला तर

एवढं सगळं पाहिल्यावर माझं मत एका ठिकाणी येऊन थांबतं. मानकांचे तक्ते कितीही जुळवले तरी शाळेच्या प्रमाणपत्राला अर्थ येतो तो पुढची संस्था त्यावर काहीतरी पणाला लावते तेव्हा. 'या परीक्षेत इतके गुण असतील तर आम्ही वेगळी चाचणी घेणार नाही, थेट वर्गात बसवू,' असं पुढचं विद्यापीठ लिहून देतं, तेव्हा त्याला शाळेची परीक्षा नीट वाचावी लागते. तोवर सगळे फक्त परिसंवादात भेटतात.

कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने हे २००४ मध्ये केलं. राज्याच्या अकरावीच्या परीक्षेत विद्यापीठाने आपले काही जादा प्रश्न आणि एक निबंध जोडला. तयार ठरलेल्या मुलाला प्रवेशानंतरची चाचणी माफ. तयार नसलेल्याला हे अकरावीतच कळणार, म्हणजे हातात अख्खं एक वर्ष. त्या वर्षासाठी विद्यापीठातल्या आणि शाळेतल्या शिक्षकांनी मिळून बारावीचा वाचन-लेखनाचा एक अभ्यासक्रमही बनवला, कथा-कवितांपेक्षा माहितीपर आणि युक्तिवादाच्या लेखनावर भर देणारा. निकाल शेवटी सांगून मुलाला परत पाठवण्याऐवजी आधी सांगून वेळ देणं, हा यातला शहाणपणा.

पुढे तर विद्यापीठ आणखी पुढे गेलं. २०१८ पासून त्यांनी ती प्रवेशानंतरची चाचणी आणि क्रेडिट नसलेले वर्ग दोन्ही बंद केले. शाळेतल्या श्रेणी, घेतलेले विषय आणि परीक्षांचे गुण एकत्र पाहून मुलाला थेट क्रेडिटच्या वर्गात घ्यायचं आणि गरज असेल त्याला त्याच वर्गासोबत जादा तास द्यायचे. म्हणजे तयारीची निम्मी जबाबदारी मुलांना प्रवेश देणाऱ्या संस्थेने आपल्या अंगावर घेतली. 'मूल महाविद्यालयासाठी तयार आहे का' याच्या जोडीला 'महाविद्यालय मुलासाठी तयार आहे का' हा प्रश्न आला.

कायद्यानेही ही दिशा धरली. डिसेंबर २०१५ च्या 'एव्हरी स्टुडंट सक्सीड्स' कायद्यानुसार राज्याची शालेय मानकं त्याच राज्यातल्या सरकारी महाविद्यालयांच्या क्रेडिटच्या वर्गात प्रवेश मिळण्याच्या अटींशी आणि व्यवसाय शिक्षणाच्या मानकांशी जुळलेली असायला हवीत. वाक्य मोठं रुक्ष आहे, पण त्यात पहिल्यांदाच दोन दारं एका चौकटीत आली.

दरम्यान, उत्तीर्ण झाल्याशिवाय शाळा पूर्ण होऊ न देणाऱ्या मोठ्या परीक्षेवरचा विश्वास उडत चालला आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये २००३ च्या तुकडीपासून राज्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय पदविका, म्हणजे शाळा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, मिळत नव्हती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी ती अट काढून टाकली. परीक्षा राहिली, अट गेली. न्यूयॉर्कही त्याच वाटेवर आहे. त्याच न्यूयॉर्कमध्ये काही सरकारी शाळांचा एक गट फार आधीपासून वेगळ्या पद्धतीने चालतो: साहित्याचं विश्लेषण, सामाजिक शास्त्रातलं संशोधन, विज्ञानाचा स्वतः रचलेला प्रयोग आणि गणिताचा एक मोठा प्रश्न, अशी चार कामं करून परीक्षक मंडळासमोर तोंडी समर्थन द्यायचं. वेब यांची चौथी पातळी इथे खरोखर तपासली जाते. पण अशी पद्धत राज्यभर लादणं सोपं नाही. मेन राज्याने २०१२ मध्ये क्षमता सिद्ध केल्यावरच पदविका देण्याचा कायदा केला. प्रत्येक जिल्ह्याने 'सिद्ध' म्हणजे काय याचा आपापला अर्थ लावला, पालक गोंधळले, आणि २०१८ मध्ये सक्ती मागे घ्यावी लागली.

तुमच्या मुलाच्या शाळेबद्दल किंवा मंडळाबद्दल विचारायचं झालं, तर निकालाची टक्केवारी विचारू नका. त्याऐवजी तीन-चार वर्षांपूर्वी इथून बाहेर पडलेल्या मुलांचं काय झालं, ते विचारा. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत शाळेला असा अहवाल मिळतो: किती जणांनी पुढे प्रवेश घेतला, किती जणांना पायाभूत वर्गात बसावं लागलं, किती जण दुसऱ्या वर्षापर्यंत टिकले. गणितात 'ए' मिळवलेली मुलं पुढे तेच गणित पुन्हा शिकत असतील, तर शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांनी आपल्या जुन्या प्रश्नपत्रिका बाहेर काढून बसायला हरकत नाही. या अहवालांत एक मोठं भोक मात्र आहे. बारावीनंतर थेट कामाला लागलेली मुलं त्यात बहुतेक वेळा फक्त 'प्रवेश घेतला नाही' या रकान्यात दिसतात. त्यांना कामावर काय अडलं, हे शाळेला कळवण्याची सोय बहुतेक ठिकाणी अजून झालेली नाही, आणि ती होईपर्यंत 'करिअरसाठी तयार' या शब्दांची तपासणी अर्धवटच राहणार आहे.